उजव्या बाजूचं सील

आपल्या पोरीने जुन्या येझदी मोटरसायकलचं इंजिन भैय्याजीच्या गॅरेजात उघडलं आहे, हे रुपरावांना घरात कुणी सांगितलं नाही. सांगितलं एका गिऱ्हाइकाने, स्कूटरच्या ब्रेकची तार बदलून घेता घेता.

"मिस्त्री, तुमची रितिका काल कामठी रोडवर भैय्याजीकडे होती गा. हात पार कोपरापर्यंत काळे. मले वाटलं, तुम्हीच पाठवली."

"हो, मीच पाठवली," रुपराव म्हणाले आणि तार इतकी ताणली की चाक फिरेना. ती पुन्हा ढिली करावी लागली.

येझदीसारख्या टू-स्ट्रोक गाड्यांचं काम जाणणारे नागपुरात आता दोघंच उरले, असं लोक म्हणायचे. एक इंदोऱ्याचे रुपराव, दुसरा कामठी रोडवरचा भैय्याजी. दोघं सीताबर्डीच्या एका बोळात एकाच उस्तादाकडे शिकले, एका डब्यात जेवले. पुढे दुकानं वेगळी झाली, पण भांडण असं कधी झालं नाही. फक्त हात आपला चांगला आणि नाव मात्र त्याचं, ही गोष्ट रुपरावांच्या मनात दाढेतल्या किडीसारखी बसून होती. एरवी जाणवायची नाही, पण कुणी भैय्याजीचं नाव काढलं की ठणका सुरू. भैय्याजीकडे गाडी घेऊन आलेला माणूस गाडी झाल्यावरही गप्पा मारत बसायचा. रुपरावांकडे काम चोख व्हायचं, आणि लोक किक मारून निघून जायचे.

आणि आता पोरगीही तिकडेच गेली.

रितिका मेट्रो चालवायची. खापरीहून ऑटोमोटिव्ह चौक, तिथून परत खापरी. ड्यूटी संपली की ऑटोमोटिव्ह चौकातून भैय्याजीचं गॅरेज ऑटोने पाच मिनिटांवर. म्हणजे गेले कित्येक दिवस ती उशिरा येत होती ती यासाठी.

संध्याकाळी जेवताना त्यांनी विचारलंच. "घरचं दुकान सोडून तिकडे काहून गेली?"

रितिकाने लपवलं नाही. "कळमेश्वरजवळ एका गोठ्यात पडली होती बाबा ती गाडी. इंजिन पार जाम. मले ती माह्या हातानं उठवायची होती."

"मंग? इथं हात नव्हते?"

"इथं तुमचे हात आहेत ना. मी पाना उचलला का तुम्ही म्हणता, सोड, दे इकडे. मागच्या दिवाळीत माह्या स्वतःच्या गाडीचा प्लग काढून राहिली होती, तं तोबी घेतला हातातून."

"उलटा धरला होता पाना."

"तं सांगाचं ना, उलटा हाय म्हणून. घेतला काहून?"

सुभद्राने, त्यांच्या बायकोने, वरणाचं भांडं पुढे सरकवलं आणि ती काही बोलली नाही. तिचं न बोलणं पोरीच्या बाजूचं होतं, एवढं त्यांना लग्नाच्या इतक्या वर्षांत कळत होतं.

दोन-चार दिवस त्यांनी कसेबसे काढले. मग कन्हानला एकाचा पंप पाहायचा आहे असं सांगून दुकान लवकर बंद केलं आणि कामठी रोड धरला. भैय्याजीच्या गॅरेजासमोर, रस्त्याच्या पलीकडे चहाची टपरी होती. एका ट्रकच्या आडोशाने ते बाकड्यावर बसले. स्वतःच्या पोरीला चोरून पाहायला आलेला बाप कसा दिसत असेल, हा विचार त्यांनी चहाबरोबर गिळला.

रितिका लाकडी फळीसमोर उकिडवी बसली होती. इंजिनचा अर्धा खोका शेगडीवर तापवून ती त्यात बेअरिंग बसवत होती. तापलेल्या ॲल्युमिनियममध्ये बेअरिंग सरळ सोडलं की आपसूक टच्चकन बसतं. तिने सोडलं ते तिरपं. अडकलं. रुपरावांचा हात चहाच्या ग्लासासकट पुढे गेला.

भैय्याजी मात्र जागचा हलला नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून स्टुलावर बसून राहिला. रितिकाने बेअरिंग ठोकून काढलं, खोका पुन्हा तापवला, पुन्हा सोडलं. या वेळी बसलं. भैय्याजी काहीतरी बोलला आणि ती मान मागे टाकून हसली. रस्त्यावर ट्रकांचा गोंगाट होता, हसू ऐकू आलं नाही, नुसतं दिसलं. घरात ती अशी कधी हसली होती, हे रुपराव आठवू लागले. आठवेना. चहा कडू लागला म्हणून त्यांनी टपरीवाल्याला उगाच झापलं.

त्यानंतर घरात रोज "काका म्हणतात" सुरू झालं. काका म्हणतात, गोठ्यात गाडी उभी राहिली का पेट्रोलच्या टाकीले आतून गंज धरते. काका म्हणतात, सिलिंडर घासून घेतल्याशिवाय नवीन पिस्टन टाकू नये. यातली प्रत्येक गोष्ट रुपरावांना भैय्याजीच्या आधीपासून माहीत होती. जेवणावरून उठताना ते म्हणायचे, "त्याले काय समजते? सगळ्या गाड्यांच्या कार्ब्युरेटरले एकच जेट टाकते तो." असं तीन-चारदा झाल्यावर रितिकाने सांगणं बंद केलं. मग तर त्यांची आणखीच पंचाईत झाली. ती आंघोळीला गेली की ते सुभद्राला हळूच विचारायचे, "कुठवर आलं तिचं?"

"तिलेच विचारा ना," सुभद्रा म्हणायची. "तोंड तं आहे तुम्हाले."

आणि मग एका संध्याकाळी गल्लीत तो आवाज आला. येझदीचा आवाज ज्याने आयुष्यभर ऐकला त्याला तो दोन गल्ल्यांवरून ओळखू येतो. रितिका गाडी घेऊन दारात आली. टाकीवर नवा मरून रंग, दोन्ही सायलेन्सर चकचकीत. शेजारपाजारचे गोळा झाले. सुभद्राने हळदीकुंकू आणलं.

रुपराव दारातच उभे राहिले. डोळे गाडीकडे नव्हते, कान होता. रितिकाने रेस दिली आणि सोडली. इंजिन चढलं, पण सोडल्यावर उतरेना. एक क्षण वरच लटकून राहिलं, मग नाइलाजाने खाली आलं. तिने पुन्हा रेस दिली. पुन्हा तेच.

हवा ओढतंय, त्यांच्या मनाने सांगितलं. कार्ब्युरेटरमधून नाही, दुसरीकडून कुठून तरी.

रितिकाने इंजिन बंद केलं, मोठ्या हौसेने प्लग काढला आणि त्यांच्यापुढे धरला. "पाहा बाबा, किती साफ जळून राहिलं."

प्लगचं टोक चुन्यासारखं पांढरं होतं. टू-स्ट्रोकचा प्लग चहाच्या रंगाचा हवा. पांढरा म्हणजे आत आग जास्त आणि तेल कमी. रुपरावांनी वाकून इंजिनच्या उजव्या बाजूला पाहिलं, जिथे डायनॅमोच्या मागे पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याचं, क्रँकचं, हवा अडवणारं सील असतं. आता त्यांना शंका उरली नाही. ही गाडी हळू चालवली तर चालेल. मोकळ्या रस्त्यावर पळवली की पिस्टन धरेल, इंजिन जागीच जाम होईल.

"कशी वाटते बाबा?"

त्यांनी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. पण तेवढ्यात ती म्हणाली, "काका म्हणतात, असा आवाज साऱ्या नागपुरात दुसऱ्या येझदीचा नसन."

"मंग मले काहून विचारते?" रुपराव म्हणाले. "त्याईलेच विचार."

रितिकाने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग प्लग बसवला, हेल्मेट घातलं आणि गल्लीला एक फेरी मारायला गेली.

त्या रात्री अंथरुणावर त्यांनी सगळं चित्र रंगवलं. गाडी कुठेतरी बंद पडेल. दोरीने ओढत भैय्याजीच्या दारात न्यावी लागेल. चार लोक पाहतील. भैय्याजी पुन्हा तेच करेल आणि पुन्हा गाडी जाम होईल. मग एक दिवस रितिका गाडी ढकलत इंदोऱ्याला येईल आणि म्हणेल, बाबा, तुम्हीच पाहा. हे चित्र त्यांना इतकं गोड वाटलं की त्यांनी ते दोन-तीनदा पाहिलं. त्यात सगळं होतं. फक्त वेग नव्हता.

रविवारी सकाळी रितिका रामटेककडे निघाली. कन्हानचा पूल ओलांडून मोकळा रस्ता लागल्यावर तिने गाडी सोडली, आणि काही मिनिटांत पिस्टन सिलिंडरमध्ये तापून फुगला आणि चिकटला. मागचं चाक जागच्या जागी थांबलं. क्लच दाबायच्या आत गाडी आडवी झाली. मागून येणाऱ्या दुधाच्या गाडीवाल्याने वेळेवर ब्रेक मारला म्हणून पुढचं टळलं.

फोन भैय्याजीचा आला. "रुपराव, घाबरू नको. पोरगी बोलून राहिली. हात मोडला."

दवाखान्यात ते पोचले तेव्हा भैय्याजी तिच्या उशाशी बसला होता, तिचं खरचटलेलं हेल्मेट मांडीवर घेऊन. गॅरेज जवळ होतं म्हणून तिने आधी त्याला फोन केला, हे अगदी सरळ होतं. तरी तिथे, पोरीचं उजवं मनगट प्लास्टरमध्ये आणि गुडघ्याची साल निघालेली असताना, रुपरावांच्या मनात पहिला विचार आला तो हा की, बापाच्या आधी त्याला. विचार आला आणि त्यांनाच त्याची शिसारी आली. पण आला होता.

"ऑइल मीच कमी टाकलं असन काका," रितिका डोळे मिटून म्हणत होती. "मापात चुकली मी." मग तिला बाप आलेला दिसला. "बाबा, तुम्ही बरोबर होते. मले नाही जमत हे."

इतकी वर्षं त्यांनी पान्यापान्याला तिला हेच तर सांगितलं होतं. आता ते तिच्या तोंडून रुपरावांना ऐकवेना. बोलायचं ते तेव्हाच बोलायला हवं होतं. पण नर्स आली, सुभद्रा रडत आली, आणि ते औषधं आणायच्या निमित्ताने खाली उतरले.

घरी आल्यावर रितिका गाडीबद्दल बोलेना. पुढच्या आठवड्यात सुभद्राच म्हणाली, "भैय्याजी नवं पिस्टन टाकून देऊन राहिले. पोरगी म्हणते, चालू झाली का विकून टाकू. एक कॉलेजचं पोट्टं तयार हाय घ्यायले."

रुपरावांचा घास हातात राहिला. इंजिन पुन्हा तसंच बसणार होतं. पुन्हा कुणाचं तरी पोर त्यावर बसून मोकळ्या रस्त्याला लागणार होतं.

दुसऱ्या दिवशी ते कामठी रोडला गेले. या वेळी टपरीवर थांबले नाहीत. गॅरेजात भैय्याजी सिलिंडर पुसत होता आणि रितिका प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून स्टुलावर बसली होती. जळालेला पिस्टन फळीवर होता, अंगभर ओरखडे पडलेला.

"नवं पिस्टन नको टाकू, भैय्याजी," रुपराव उंबऱ्यातूनच म्हणाले. "तेबी जाईन. उजव्या बाजूचं सील हवा ओढून राहिलं."

"सील तं नवं हाय बे. रितिकानं माह्यासमोर बसवलं."

"पाहून घे."

भैय्याजीने वाद घातला नाही. जुनाच पिस्टन परत घालून त्यावर सिलिंडर तात्पुरता बसवला, डायनॅमो काढला, सायलेन्सरची दोन्ही भोकं रबराने बंद केली. कार्ब्युरेटरच्या जागी नळी लावून तिला ब्लडप्रेशर मोजायच्या यंत्राचा फुगा जोडला. रितिकाने डाव्या हाताने फुगा दाबला. भैय्याजीने साबणाचं पाणी उजव्या सीलवर सोडलं. क्षणभर काही झालं नाही. मग सीलच्या कडेला एक बारीक बुडबुडा आला, त्याच्यामागे दुसरा, आणि मग फेसच आला.

सील काढल्यावर दिसलं. त्याचा रबरी ओठ एका जागी चिरला होता. क्रँकच्या टोकाला चावी म्हणतात ती बारीक पट्टी बसवायची खाच असते. सील वरून सरकवताना त्या खाचेवर काही गुंडाळलं नाही तर तिची धार ओठ कापते.

"मीच कापलं म्हणजे," रितिका म्हणाली.

"आन् मी पाहत बसलो," भैय्याजी म्हणाला. "सांगाचं राहूनच गेलं."

रितिका चिरलेलं सील डाव्या तळहातावर घेऊन पाहत होती. मग तिने मान वर केली. "बाबा, तुम्ही या इंजिनाले हातबी नाही लावला. आल्याबरोबर उजव्या बाजूचं नाव घेतलं. तुम्हाले कधी समजलं?"

"पिस्टनवरून समजलं असन गा त्याले," भैय्याजी पटकन म्हणाला. "जुना मिस्त्री हाय."

वाट मोकळी होती. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. भैय्याजीने उपकार म्हणून ती वाट करून दिली होती, आणि त्याच्या उपकारावर आयुष्य काढायचं, हेही रुपरावांना जमलं नाही.

"गल्लीत आणली होती तू," ते म्हणाले, "तेव्हाच."

रितिकाने सील फळीवर ठेवलं.

"मी विचारलं होतं तुम्हाले."

"हो."

"मी तोंडावर विचारलं होतं, बाबा."

ती उठली आणि बाहेर जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली. रुपराव तिच्या मागे निघाले तेव्हा भैय्याजीने त्यांचा दंड धरला. "आज जा तू, रुपराव. घरी जा." त्याच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे ते जास्तच लागलं.

सुभद्राला हे रितिकाने सांगितलं की तिचं तिनेच ओळखलं, कोण जाणे. त्या संध्याकाळी सुभद्राने ताट वाढलं आणि समोर बसून म्हणाली, "पोरीच्या जिवापरीस तुमचा तोरा मोठा झाला." रितिका त्यांच्याशी बोलेनाशी झाली. भांडली नाही, रुसली नाही, नुसती त्यांच्या बाजूने जायची. घरात भाड्याने राहत असल्यासारख्या परकेपणाने ती सकाळी "येते आई" म्हणून निघायची.

प्लास्टर निघालं आणि ती पुन्हा भैय्याजीकडे जाऊ लागली. गाडी विकायचं तिने रद्द केलं होतं. रुपरावही जाऊ लागले. कुणी बोलावलं नव्हतं. गॅरेजाच्या बाहेर टायरांच्या ढिगाशेजारी ते बसायचे. आत जायचे नाहीत. पहिल्यांदा भैय्याजीने पाहून न पाहिल्यासारखं केलं. पुढच्या वेळी बाहेर येऊन शेजारी बसला.

"तुले वाटत असन, मी तुयी पोरगी पळवली," भैय्याजी म्हणाला. "मलेबी पहिल्यांदा लय मजा वाटली. घरी कोणी नाही, म्हटलं, एक पोरगी तं आली शिकाले. पण दिवसभर काय? बाबा असे करतात, बाबाईचा कान असा, बाबाईचा हात तसा. एक दिवस मले इतका राग आला तुया, का मी चहाबी नाही पाजला तिले." मग हळू आवाजात म्हणाला, "कुठं सांगाचं बे हे कोणाले."

रुपरावांना बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

पिस्टन धरला तेव्हा बसलेल्या झटक्याने क्रँकही थोडा पिळवटला होता. त्याच्या दोन चकत्या एका रेषेत आणल्याशिवाय इंजिन थरथरल्यावाचून चाललं नसतं. हे काम भैय्याजी पूर्वी करायचा, पण आता त्याला वाकडेपणा मोजायच्या मीटरचा बारीक काटा दिसत नव्हता. रितिका दारापर्यंत आली. कितीतरी दिवसांनी तिने बापाकडे सरळ पाहिलं.

"क्रँक सीधा कराचा हाय," ती म्हणाली. "करून नका दाखवू. सांगा."

रुपराव आत गेले. तिने क्रँक दोन टोकांवर टांगून फिरवला. काटा डावीकडे गेला, परत आला. तिच्या हातात तांब्याचा हातोडा होता.

"आता इथं... नाही, तिथं नाही. जिथं काटा वर जाते, त्याच्या... थांब." त्यांनी आयुष्यात शेकडो क्रँक सरळ केले होते आणि ते कसं करायचं हे एकदाही तोंडाने सांगितलं नव्हतं. त्यांच्या हाताला सगळं येत होतं, शब्द कुठेच नव्हते. "ठोका मारायचा, पण मारायचा नाही. म्हणजे, जसं... दाराले टिचकी मारते ना कोणी, आत माणूस झोपला असला का?"

रितिकाने मारला. काटा हललाच नाही.

"थोडा जास्त झोपला हाय माणूस," भैय्याजी मागून म्हणाला.

दुसरा ठोका जास्त झाला, काटा पार पलीकडे गेला. रुपरावांनी खिशात हात घातले आणि आत मुठी आवळल्या. दुपार त्यातच गेली. त्यांच्या हाताने जे पाऊण तासात झालं असतं त्याला दिवस मावळायला आला, आणि तीनदा त्यांना वाटलं की आता ओरडू. शेवटी काटा जागच्या जागी थोडासा थरथरला आणि राहिला. रितिकाने खात्रीसाठी क्रँक पुन्हा फिरवला. मग तो पुसून ठेवला.

इंजिन पुढच्या रविवारी चालू झालं. नवं सील तिने खाचेवर पातळ प्लास्टिक गुंडाळून बसवलं होतं. रेस दिली की चढायचं, सोडली की लगेच उतरायचं. थोडं चालवून प्लग काढला, तर चहाचा रंग धरू लागला होता.

"चला काका," रितिका म्हणाली. "पहिला चक्कर तुमचा."

भैय्याजी लहान पोरासारखा मागे बसला. गाडी कन्हानच्या दिशेने गेली. रुपराव गॅरेजात एकटे उभे राहिले आणि त्यांच्या मनात ती ओळखीची दाढेची कळ आली, जशीच्या तशी. आता तरी येऊ नये, असं त्यांना वाटलं होतं. आली. गाडी परत येईपर्यंत ते त्या कळेसकट उभे राहिले, कान रस्त्याकडे लावून. परतीचा आवाज दुरूनच नीट होता. कुठे लटकत नव्हता.

घरी जाताना रितिका पुढे येझदीवर आणि ते मागे आपल्या स्कूटरवर. ऑटोमोटिव्ह चौकात लाल दिवा लागला. ते तिच्या शेजारी येऊन थांबले. तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही, दिव्याकडे पाहत होती.

"उद्या माही ड्यूटी लांबन," ती म्हणाली. "आईले सांगा, जेवायले थांबू नको म्हणा."

"सांगतो," रुपराव म्हणाले.

दिवा हिरवा झाला.